बेंजामिन मेज : फी वसूल करणारा प्रेसिडेंट

एका तरुण प्राध्यापकांचा प्रश्न आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू म्हणून बेंजामिन मेज यांचं नाव त्यांच्या वाचनात आलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या कॉलेजचे ते प्रेसिडेंट होते, एवढाच उल्लेख होता. त्यांना विचारायचंय की हा प्रेसिडेंट म्हणजे आपला कुलगुरू की प्राचार्य? तो दिवसभर करतो काय? गोरा समाज आणि राज्य सरकार विरोधात असताना अशी संस्था चालते कशी? आणि मेज गांधीजींना वर्ध्याला भेटले होते हे खरं का?

आधी खुर्चीचं बघू, वर्ध्याकडे मागाहून येतो. तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित कॉलेजचा प्राचार्य म्हणून माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे मेज यांच्याबद्दल वाचताना माझं लक्ष भाषणांपेक्षा हिशेबाच्या वहीकडे जास्त जातं. माझ्या मते त्यांचं मोठेपण तिथेच आहे. किंगचे गुरू वगैरे नंतर.

अमेरिकेतला कॉलेज प्रेसिडेंट म्हणजे आपल्याकडच्या तीन माणसांचं काम एकाच्या गळ्यात. शिकवणं, नेमणुका आणि अभ्यासक्रम बघायचा तो प्राचार्याने. पैसा आणायचा तो संस्थेच्या सचिवाने. आणि चार प्रतिष्ठितांत संस्थेची पत सांभाळायची ती अध्यक्षांनी. तिथे हे सगळं प्रेसिडेंटच करतो. वर विश्वस्त मंडळ असतं, तेच त्याला नेमतं आणि नको झाला तर घालवतं. आता मोअरहाऊस, म्हणजे मेज यांची संस्था, ही काटेकोरपणे बोलायचं तर युनिव्हर्सिटी नव्हे, पदवीपर्यंतचं मुलांचं कॉलेज. अटलांटा शहरात शेजारी शेजारी अशा सहा संस्था होत्या. मुलींचं स्पेलमन कॉलेज आणि पदव्युत्तर शिक्षण देणारी अटलांटा युनिव्हर्सिटी ही त्यातली दोन ठळक नावं. प्रत्येक संस्थेला स्वतंत्र प्रेसिडेंट.

या संस्था निघाल्या गुलामगिरी संपल्यावर. मोअरहाऊसची सुरुवात १८६७ साली जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी, एका बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात झाली. १८७९ मध्ये ती अटलांटाला आली आणि १९१३ पासून आजचं नाव लागलं. अशी खासगी, चर्चच्या आश्रयाने वाढलेली कॉलेजं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला राज्य सरकारांची. १८९० च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना सांगितलं की कृष्णवर्णीयांना तुमच्या कॉलेजात घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं काढा. दक्षिणेने अर्थातच वेगळं काढलं. आज कायद्याच्या व्याख्येत १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या अशा सगळ्या संस्था येतात, सुमारे शंभर आहेत. खासगी आणि सरकारी हा भेद लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच अडतं.

मेज यांचा जन्म १८९४ चा, दक्षिण कॅरोलायनात नाइन्टी सिक्स अशा चमत्कारिक नावाच्या गावाजवळचा. आई-वडील दोघंही गुलाम म्हणून जन्मलेले, पुढे कापसाची शेती कसणारे. आठ भावंडांत हा शेंडेफळ. आयुष्यातली पहिली आठवण म्हणून त्यांनी सांगितलेला प्रसंग १८९८ मधला. त्या भागात निवडणुकीवरून कृष्णवर्णीयांच्या कत्तली सुरू होत्या. बंदुका घेतलेले गोरे घोडेस्वार आले आणि त्यांनी वडिलांना टोपी काढून वाकायला लावलं, पुन्हा पुन्हा. मूल शेजारी उभं होतं.

त्या मुलाला शाळा मिळायची ती वर्षातून चार महिने, कापसाच्या कामातून सुटका झाली की. वडिलांचं म्हणणं, शेती आणि धर्मोपदेश हेच दोन प्रामाणिक धंदे, त्याला पुस्तकं कशाला? पोरगा हटला नाही. हायस्कूल संपेपर्यंत वय बाविशीला टेकलं होतं. मग वर्षभर व्हर्जिनियात काढून त्यांनी मुद्दाम उत्तरेला, मेन राज्यातल्या बेट्स कॉलेजात प्रवेश घेतला. गोऱ्या मुलांच्या बरोबरीने परीक्षा देऊन बघायची होती. १९२० ला पदवी घेतली. उन्हाळ्यात रेल्वेच्या पुलमन डब्यांत हमाली आणि पाहुण्यांची उठबस केली. शिकागो विद्यापीठातून १९२५ ला एम.ए. आणि पीएच.डी. व्हायला १९३५ उजाडलं, म्हणजे चाळिशी. मधल्या काळात मोअरहाऊसमध्ये गणित शिकवलं, चर्च सांभाळलं, समाजकार्य केलं. १९३४ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट मॉर्डेकाय जॉन्सन यांनी त्यांना धर्मशास्त्र विभागाचे डीन म्हणून नेलं, आणि १९४० च्या उन्हाळ्यात मोअरहाऊसचं प्रेसिडेंटपद आलं.

काय हाती आलं? मंदीत खंगलेलं कॉलेज. अटलांटा युनिव्हर्सिटी, स्पेलमन आणि मोअरहाऊस यांच्यात झालेल्या १९२९ च्या करारानंतर मोअरहाऊसचा कारभार बराचसा शेजारच्या अटलांटा युनिव्हर्सिटीच्या तंत्राने चालू लागला होता. तेलसम्राट रॉकफेलर घराण्याचा हात स्पेलमनच्या डोक्यावर होता, कारण त्या कॉलेजचं नावच रॉकफेलरच्या सासरचं. मोअरहाऊसच्या वाट्याला सावत्रपण आलेलं. पगार कमी, पीएच.डी. झालेले प्राध्यापक मोजके, आणि मुलांकडे फीची थकबाकी.

मेज यांनी पहिलं काम धरलं ते थकबाकीचं. फी भरा, नाहीतर भरायची सोय सांगा. नुसतं बसायचं नाही. डॉलरला बोलीत ‘बक’ म्हणतात आणि त्या काळी रेडिओवर जॅक बेनी या विनोदी नटाचं बक बेनी नावाचं पात्र गाजत होतं. पोरांनी प्रेसिडेंटचं नाव ठेवलं बक बेनी. ते नाव त्यांना कायमचं चिकटलं.

इथे अनेक चरित्रलेखक हसून पुढे जातात. मी जात नाही. ज्याने फी वसूल केली आहे त्यालाच कळतं की ही गोष्ट किती नकोशी असते. आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हॉलतिकिटं अडवून ठेवायची वेळ यायची. पालक टोपी हातात धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, “कारखान्याचं बिल आलं की भरतो, सर.” तो खोटं बोलत नसायचा. नादारी द्यावी तर किती जणांना? आणि फी आली नाही की पहिली कात्री लागते ती प्राध्यापकाच्या पगाराला. मग चांगला माणूस दुसरीकडे जातो, आणि ज्या पोराला आपण दया दाखवली त्यालाच वाईट शिक्षक मिळतो. हे चक्र मेज यांनी बरोबर ओळखलं होतं. सावकारासारखा वाटणारा माणूस खरं तर गणिताचा वर्ग पुढच्या वर्षीही चालू राहावा म्हणून भांडत होता.

पैशाची दुसरी वाट देणग्यांची. तिथे ही कॉलेजं एकमेकांच्या दारात उभी राहायची, त्याच त्या मूठभर श्रीमंतांकडे. अलाबामातल्या टस्कीगी या अशाच संस्थेचे प्रेसिडेंट फ्रेडरिक पॅटरसन यांनी १९४३ मध्ये सुचवलं की सगळ्या खासगी कॉलेजांनी मिळून एकच झोळी फिरवावी. १९४४ ला २७ कॉलेजांचा संयुक्त निधी उभा राहिला. पुढे मेज त्याचे अध्यक्षही झाले. आपल्याकडे शेजारशेजारच्या दोन संस्थाचालकांना एका व्यासपीठावर बसवताना काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना २७ या आकड्याची किंमत कळेल.

आणि प्राध्यापक. मेज निवृत्त झाले तेव्हा मोअरहाऊसच्या पूर्णवेळ प्राध्यापकांपैकी निम्म्याहून अधिक पीएच.डी. होते. यात एक विचित्र गोष्ट आहे, ती सांगायला हवी. त्या काळी शिकागोहून किंवा हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या विद्यापीठात नोकरी जवळजवळ मिळतच नसे. भेदभावानेच ही विद्वत्ता या कॉलेजांच्या दारात आणून सोडली होती. प्रेसिडेंटला तिला फक्त राहण्याइतका पगार द्यायचा होता, आणि तोच जमत नव्हता. साठच्या दशकात गोऱ्या विद्यापीठांची दारं उघडली तसे हेच प्राध्यापक तिकडे जाऊ लागले. ज्या विजयासाठी मेज झगडले, त्याचं बिल त्यांच्यासारख्या कॉलेजांनाच आलं.

मग महायुद्ध. मुलं सैन्यात गेली आणि वर्ग ओस पडायला लागले. मुलांच्या कॉलेजला हा फटका दुप्पट. तेव्हा मेज यांनी हायस्कूल पुरं न झालेल्या हुशार मुलांना प्रवेशपरीक्षा घेऊन आत घ्यायला सुरुवात केली. बाके भरायची होती, दुसरं काही नाही. १९४४ च्या सप्टेंबरात त्या वाटेने आलेला एक मुलगा पंधरा वर्षांचा होता. उन्हाळाभर कनेक्टिकटमध्ये तंबाखूच्या शेतात काम करून आलेला. त्याचं नाव मार्टिन किंग. म्हणजे हा विद्यार्थी मोअरहाऊसला मिळाला तो पटसंख्या घसरल्यामुळे. पटसंख्येच्या धास्तीने रात्र काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा बरं वाटतं.

मोअरहाऊसमध्ये सकाळी सक्तीची प्रार्थनासभा असे आणि मंगळवारी प्रेसिडेंट स्वतः बोलत. उंच, ताठ, नीटनेटका सूट. मुलांना ते सांगत की मागच्या जिन्याने वर चढून वेगळ्या सज्जात बसावं लागतं अशा थिएटरात पाय ठेवू नका. जिथे जाणं टाळता येत नाही तिथला अपमान वेगळा, पण पैसे मोजून विकत घेतलेला अपमान कशाला? किंग त्या सभांमध्ये टिपणं काढत बसायचा आणि नंतर प्रेसिडेंटच्या खोलीत येऊन मुद्दे खोडायचा. ओळख तिथून वाढली.

आता वर्धा. भेट झाली, खरी आहे. मात्र तेव्हा मेज प्रेसिडेंट नव्हते, हॉवर्डमध्ये डीन होते. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या जागतिक परिषदेसाठी १९३६ च्या अखेरीस ते भारतात आले होते. परिषद म्हैसूरला होती. चॅनिंग टोबायस हे सहकारी सोबत होते. गांधीजींनी त्यांना सुमारे दीड तास दिला. अहिंसेवर बोलणं झालं. ‘निष्क्रिय प्रतिकार’ हे नाव चुकीचं आहे, अहिंसा ही हिंसेपेक्षाही जास्त सक्रिय असते, हा गांधीजींचा मुद्दा. मेज यांनी दुसरा प्रश्न असा विचारला की तुम्ही अस्पृश्यतेविरुद्ध लढता, मग जातिव्यवस्थेविरुद्धच युद्ध का पुकारत नाही? गांधीजींनी अस्पृश्यतेचं पाप आणि जातींची व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या.

मराठी वाचकाला इथे थांबावंच लागेल. त्याच १९३६ च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी लाहोरचं न झालेलं भाषण पुस्तकरूपाने छापलं होतं आणि जुलैत गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्याला उत्तर दिलं होतं. येवल्याची घोषणा त्याआधीच्या वर्षाची. म्हणजे दक्षिण कॅरोलायनाच्या कापसाच्या शेतातून आलेल्या माणसाने वर्ध्याला बसून नेमकी तीच शीर दाबली जी मुंबईत ठसठसत होती. बाबासाहेबांचा वाद त्यांच्या कानावर होता की नाही, याने फरक पडत नाही. वडिलांना टोपी काढून वाकताना पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी शिकवावा लागत नाही.

म्हैसूरकडचाच आणखी एक प्रसंग. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या एका शाळेत मेज यांना बोलावलं गेलं. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली ती ‘अमेरिकेतला एक अस्पृश्य, जो मोठ्या पदाला पोहोचला’ अशी. मेज आतून भडकले. पीएच.डी. झालेला, डीन असलेला माणूस, आणि अस्पृश्य? मग त्यांच्याच लक्षात आलं की मुख्याध्यापकांनी शब्द अचूक वापरलाय. अमेरिकेतल्या कितीतरी हॉटेलांत त्यांना आत घेत नव्हते, गाडीत वेगळ्या डब्यात बसवत होते. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, राग आल्याचंही लपवलेलं नाही.

इथे एक प्रचलित समज दुरुस्त करतो. किंगना गांधी मेज यांनी दिले, असं सर्रास लिहिलं जातं. मंगळवारच्या भाषणांतून गांधींचं नाव मुलांच्या कानावर पडत होतं, हे खरं. पण किंग यांनी स्वतः श्रेय दिलंय ते फिलाडेल्फियात ऐकलेल्या एका व्याख्यानाला, आणि वक्ते होते मॉर्डेकाय जॉन्सन, नुकतेच भारतातून परतलेले. ते ऐकून किंग गांधींवरची पुस्तकं विकत घ्यायला धावले. जॉन्सन हॉवर्डचे प्रेसिडेंट आणि मोअरहाऊसचेच जुने विद्यार्थी. एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत अशी ही गोष्ट फिरली.

मेज यांचं ऋण वेगळ्या जागी आहे. १९५६ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या माँटगोमेरीत, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध चाललेल्या बहिष्काराच्या पुढाऱ्यांवर खटले भरले गेले, त्यांत किंगही होते. किंग तेव्हा नॅशव्हिलला होते. परतताना अटलांटात वडिलांकडे थांबले. थोरल्या किंगनी घरी शहरातली वजनदार मंडळी जमवली होती: वकील, संपादक, व्यापारी, अटलांटा युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट आणि मेज. उद्देश एकच, पोराला माँटगोमेरीला परत जाऊ द्यायचं नाही, तिथे जीव जाईल. बहुतेकांनी बापाच्या बाजूने माना डोलावल्या. सत्तावीस वर्षांचा किंग म्हणाला, मला जावंच लागेल. खोलीत शांतता पसरली आणि वडील रडायला लागले. किंगने मेज यांच्याकडे पाहिलं. मेज बोलायला लागले ते मुलाच्या बाजूने. मित्राच्या घरात, मित्र रडत असताना, त्याच्या विरुद्ध बोलणं हे व्यासपीठावरून बोलण्याइतकं सोपं नसतं.

आता ‘सरकार विरोधात असताना’ या भागाकडे येऊ, कारण तिथे फार गफलत होते. १९६० च्या वसंतात ठिकठिकाणी विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसायला लागले. माँटगोमेरीत अलाबामा स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी न्यायालयाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात हे केलं. कॉलेज राज्य सरकारचं, आणि गव्हर्नरच राज्याच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष. फर्मान आलं की पोरांना काढा. प्रेसिडेंट ट्रेनहोम १९२५ पासून त्या खुर्चीत होते, संस्था त्यांनी उभी केलेली. विरोध केला तर अनुदान बंद आणि कॉलेज संपलं. मान तुकवली तर इतिहासात नाव काळं. त्यांनी मान तुकवली. नऊ विद्यार्थी कायमचे काढले गेले. त्याच प्रकरणातून १९६१ चा निकाल आला की सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. ट्रेनहोमना भ्याड म्हणणं सोपं आहे. अनुदानाच्या फाइलीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेला कुणी तसं चटकन म्हणणार नाही.

अटलांटात त्याच सुमारास काय झालं? सहाही कॉलेजांच्या प्रेसिडेंटनी विद्यार्थ्यांना सांगितलं, आधी तुमचं म्हणणं लिहून काढा. ९ मार्च १९६० ला ते जाहीरनाम्याच्या रूपाने वर्तमानपत्रांत पानभर छापून आलं. गव्हर्नर म्हणाले, हे जॉर्जियाच्या कॉलेजात लिहिलेलं वाटतच नाही. १५ मार्चला मुलं उपाहारगृहांत जाऊन बसली. त्यांच्या पुढाऱ्यांत मोअरहाऊसचे लॉनी किंग आणि ज्युलियन बाँड होते. मेज त्यांच्या मागे उभे राहिले, आणि राहू शकले, कारण त्यांचा पगार गव्हर्नरच्या सहीने निघत नव्हता. तो निघत होता फीमधून आणि देणगीतून. बक बेनीने वीस वर्षं जमवलेला पैसा त्या दिवशी कामी आला, असं मी म्हणतो.

म्हणून खासगी कॉलेजात रामराज्य होतं असंही समजू नका. या प्रेसिडेंटांची हुकमत जबर असे. शेजारच्या स्पेलमनमध्ये हॉवर्ड झिन या इतिहासाच्या प्राध्यापकाने विद्यार्थिनींना साथ दिली, तर १९६३ मध्ये तिथल्या प्रेसिडेंटनी त्यांना काढून टाकलं. मेज स्वतःही कडक होते, त्यांच्यापुढे वाद घालणारे थोडे. पत्नी सेडी यांच्याबद्दल इथे दोन ओळीच लिहितोय, ते अन्यायाचं आहे. शिकागोत शिकलेल्या समाजकार्यकर्त्या होत्या. अटलांटातल्या वृद्ध रुग्णांसाठीच्या ज्या शुश्रूषागृहाला आज त्यांचं नाव आहे, त्यामागे त्यांचीच खटपट होती.

१९६७ ला, २७ वर्षांनंतर, मेज निवृत्त झाले. फाय बीटा कप्पा ही हुशार विद्यार्थ्यांचा गौरव करणारी तिथली सर्वांत जुनी संस्था आपली शाखा द्यायला कॉलेजची फार पारख करते. मोअरहाऊसची शाखा १९६८ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ९ एप्रिलला किंग यांची अंत्ययात्रा खेचरांच्या गाडीवरून मोअरहाऊसच्या आवारात आली. दोघांत ठरलं होतं की जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचं. त्र्याहत्तर वर्षांचे मेज बोलले.

पण त्यांची गोष्ट तिथे संपवतात ते चूक. पुढच्या वर्षी ते अटलांटाच्या शाळा मंडळावर निवडून गेले आणि १९७० ते १९८१ मंडळाचे अध्यक्ष राहिले. गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत निघाली होती आणि शाळांत कृष्णवर्णीय मुलंच बहुसंख्य झाली होती. न्यायालयात वर्षानुवर्षं चाललेला शाळा-एकीकरणाचा खटला १९७३ मध्ये तडजोडीने मिटला: मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवणं थोडक्यात आटोपायचं, आणि बदल्यात प्रशासनातल्या वरच्या जागा कृष्णवर्णीयांना, मुख्य अधीक्षकपदासह. एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं राष्ट्रीय नेतृत्व भडकलं, एकीकरण विकलं म्हणालं आणि अटलांटा शाखेवर कारवाई केली. मेज तडजोडीच्या बाजूचे. मला त्यात जुना प्रेसिडेंट दिसतो. शेजारच्या बाकावर गोरा मुलगा बसेल की नाही यापेक्षा शिक्षकाच्या नेमणुकीवर सही कुणाची असेल, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं असावं. ते बरोबर होतं का, यावर अटलांटात अजून वाद होतो, आणि मला स्वतःला त्या वादात दोन्ही बाजूंचं पटतं.